शोधाच्या मुळाशी

‘आणि’, ‘आहे’, ‘पण’ हे शब्द प्रत्येक मजकुरात असतात, म्हणून शोधताना त्यांचा काडीचा उपयोग नाही. ‘नाचणी’ मात्र मोजक्याच लेखांत सापडते, आणि तीच वाचकाला नेमक्या पानापर्यंत नेते. शब्द जितक्या कमी लेखांत, तितकं त्याचं वजन जास्त, हे सूत्र कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं. पुढे शोधयंत्रं त्याच्याच आधारावर उभी राहिली.

त्या शिकल्या इतिहास आणि तत्त्वज्ञान. काही काळ शाळेत शिकवलं. मग केंब्रिजमध्ये मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा-संशोधन गटात आल्या आणि संगणकाला माणसाची भाषा कळावी म्हणून आयुष्यभर झटल्या. विद्यापीठात मात्र त्या वर्षानुवर्षं मुदतीच्या अनुदानावरच काम करत राहिल्या. प्राध्यापकपद मिळालं ते १९९९ मध्ये, साठी उलटल्यावर. याची चीड यायलाच हवी.

२००७ मध्ये त्या गेल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला तो २०१९ मध्ये, राहून गेलेल्यांच्या मालिकेत. मराठी वाचकांना त्यांची नीट ओळख व्हावी, म्हणून या अंकाची मुखपृष्ठकथा त्यांच्यावर आहे.