‘मूळ’ या शब्दाची मिजास

काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या कामानिमित्त मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तीनेक महिने होते. तिथल्या संगीत विभागाची एक छोटी मंडळी होती. दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून आणि गरजेपुरती एक बासरी, म्हणजे सगळी फुंकून वाजवायची वाद्यं. वाजवणारे विद्यार्थी विशी-बाविशीतले. त्यांच्या संचालकाने मैफिलीआधी श्रोत्यांकडे वळून सांगितलं, “आजच्या कार्यक्रमात एकही रूपांतर नाही. जे ऐकाल ते सगळं या वाद्यांसाठीच मुळात लिहिलेलं आहे.”

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

वीस वर्षं अनुवाद करणाऱ्या बाईला असल्या टाळ्या लांबूनच ओळखू येतात. एका पुरस्कार समितीने माझं पुस्तक ‘स्वतंत्र लेखन नाही’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. एका प्रकाशकाने माझं नाव मुखपृष्ठावरून काढून आत, किमतीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. मूळ ते सोवळं आणि रूपांतर ते ओवळं, ही वाटणी आपल्याकडे साहित्यात आहे हे मला ठाऊक होतं. संगीतातही ती आहे, आणि तरुण पोरांना ती अभिमानाने शिकवली जाते, हे त्या संध्याकाळी कळलं. माझं भांडण त्या शिकवणुकीशी आहे.

संचालकाचा अभिमान त्याच्या एकट्याचा नव्हता, हे आधी मान्य करते. तो वारशाने आलेला आहे, आणि वारसा भल्या माणसाचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयात फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बल उभं केलं. तोवर विद्यापीठांमधून होते ते भलेमोठे बँड. एकेका ओळीवर डझनभर क्लॅरिनेट, आणि व्हायोलिनसाठी लिहिलेलं ते सगळ्यांनी मिळून फुंकायचं. फेनेलनी नियम केला की एका ओळीला एकच वादक. कोणी कोणाच्या आड लपायचं नाही. जगभरच्या सुमारे चारशे संगीतकारांना त्यांनी पत्रं लिहिली, की आमच्यासाठी काही लिहा. ८ फेब्रुवारी १९५३ च्या पहिल्या मैफिलीत मोझार्टची तेरा वाद्यांची सेरेनेड होती, वॉलिंगफोर्ड रीगरचं नऊ पितळी वाद्यांचं नोनेट होतं आणि पॉल हिंडेमिटची बी-फ्लॅट सिंफनी होती. उसनं काहीही नव्हतं.

हे बंड न्याय्य होतं. ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या ओळी वाजवायला लावल्या, त्याने एकदा तरी ‘माझं मला द्या’ म्हणायला हवंच. पण बंडाच्या वेळची घोषणा पुढे आचारसंहिता झाली, की ती खोटी पडू लागते.

कशी, ते याच मंडळींच्या पोथीतून दाखवते.

या आठ वाद्यांच्या संचाला जर्मनमध्ये ‘हार्मोनी’ म्हणत. १७८२ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने व्हिएन्नाच्या दरबारात असा संच नेमला. त्याच्याकडे मुख्यतः काय वाजे? गाजलेल्या ऑपेरांची रूपांतरं. त्याच संचातला ओबोवादक योहान वेंट याने ऑपेरांमागून ऑपेरा या आठ वाद्यांत आणले. मोझार्टचा ‘दी एंटफ्युरुंग आउस डेम सेराय’ १६ जुलै १७८२ ला रंगभूमीवर आला. अवघ्या चार दिवसांनी तो वडिलांना लिहितो, की या ऑपेराचं फुंकवाद्यांसाठी रूपांतर मला घाईने केलं पाहिजे, नाहीतर दुसरा कोणी करेल आणि नफा त्याच्या खिशात जाईल. मूळ लेखकाला आपल्याच अनुवादकाची धास्ती वाटत होती, एवढी रूपांतराला मागणी होती. पुढे ‘डॉन जोव्हानी’च्या शेवटी नायक जेवायला बसतो, तेव्हा रंगमंचावर असाच संच त्याला काय ऐकवतो? मार्टिन इ सोलेर आणि सार्ती यांच्या ऑपेरांमधले तुकडे, आणि मोझार्टच्याच ‘फिगारो’तलं एक गाणं. तिन्ही रूपांतरं.

त्या संध्याकाळच्या ‘शुद्ध’ कार्यक्रमात मोझार्टची सी-मायनर सेरेनेड होती. हीच सेरेनेड मोझार्टने नंतर स्वतः पाच तंतुवाद्यांसाठी लिहून काढली. तंतुवाद्यवाले ते पंचक वाजवतात, आणि आधी श्रोत्यांची माफी मागत नाहीत. मग एवढा न्यूनगंड फुंकणाऱ्यांनाच का?

आता या परंपरेतली सर्वांत मानाची ‘मूळ’ रचना घेऊ. पर्सी ग्रेंजरची १९३७ ची ‘लिंकनशर पोझी’. ग्रेंजर लिंकनशर परगण्यात गेला, १९०६ मध्ये फोनोग्राफ घेऊन गेला, आणि जोसेफ टेलरसारख्या म्हाताऱ्या लोकगायकांची गाणी त्याने मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली. गायक कुठे श्वास घेतो, कुठे मात्रा ओढतो, कुठे घाई करतो, तेही टिपलं. तीस वर्षांनी ते सगळं त्याने फुंकवाद्यांत आणलं. एका भागात तर ठरलेल्या मात्राच नाहीत, कारण गाणाऱ्याकडे त्या नव्हत्या. ही रचना त्याने त्या गायकांनाच अर्पण केली. याला मी गळ्यातून वाद्यात केलेला अनुवाद म्हणते, आणि असा अनुवाद मला एकदा जमला तर मी धन्य होईन. संगीत विभाग याला ‘मूळ’ म्हणतात. म्हणोत. पण मग मूळ कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण? अनुवाद फारच उत्तम झाला, की त्याला बढती देऊन मूळ करायचं आणि उरलेल्यांना ‘नुसती रूपांतरं’ म्हणायचं, हा हिशेब मला साहित्यातूनही चांगला परिचयाचा आहे.

आणि गुरूंचं काय? खुद्द फेनेलनी याच एन्सेम्बलकडून वाग्नरची अख्खी तबकडी वाजवून घेतली. १९६५ पासून तीन दशकांहून अधिक काळ ईस्टमनची धुरा वाहणारे डोनल्ड हन्सबर्गर तर नाणावलेले रूपांतरकार. बाखची डी-मायनर तोकाता आणि फ्यूग, शोस्ताकोविचचं ‘फेस्टिव्ह ओव्हर्चर’, ही त्यांची कामं बँडवाले आजही वाजवतात. सोवळं गुरूंनी पाळलं नाही, शिष्य मात्र गुरूंच्या नावाने पाळताहेत.

मैफिलीनंतर मी संचालकाला हे बोलून दाखवलं. माणूस सभ्य होता, चिडला नाही. म्हणाला, “तुमच्या भाषेत तुमचं स्वतःचं वाङ्मय शेकडो वर्षांचं आहे. आमचं कपाट भरायला लागून शंभर वर्षंही झाली नाहीत. आम्ही रूपांतराला दार उघडं ठेवलं तर नवं कोण लिहील?”

युक्तिवाद वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. आपण ज्याला आपली अस्सल मराठी संगीत रंगभूमी म्हणतो, ती तिथून वाहती झाली. ते कालिदासाचं भाषांतर होतं. त्याने नव्या लेखनाची वाट अडवली का? त्यामागून ‘सौभद्र’ आलं. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मोलिएरपासून इंग्रजीमार्गे मराठीत आलं, तरी ‘शारदा’ लिहायला देवलांचा हात आखडला नाही. भाषांतर करताना भाषेला आपल्या अंगात काय काय आहे याचा पत्ता लागतो. वाद्यालाही लागत असणार. व्हायोलिनची ओळ क्लॅरिनेटवर आणताना श्वास कुठे घ्यायचा, हा प्रश्न मूळ लेखकाला पडलेलाच नसतो. तो पहिल्यांदा रूपांतरकाराला पडतो.

आठ जणांना हात हलवून ताल दाखवायला खरं तर संचालक लागत नाही. जोसेफच्या दरबारात ते आपापसांतच वाजवत. विद्यापीठातल्या संचालकाची खरी सत्ता वेगळी आहे. विद्यार्थी काय वाजवतील आणि कशाला मान देतील, हे तो ठरवतो. म्हणून माझं म्हणणं त्याला उद्देशून आहे. वर्षातून एक तरी रूपांतर कार्यक्रमात घ्या, जमल्यास विद्यार्थ्याकडूनच करून घ्या. ते वाजवण्याआधी क्षमा मागू नका. आणि कार्यक्रमपत्रिकेत रूपांतरकाराचं नाव संगीतकाराच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा.

निघताना त्याने मला पुढच्या सत्राची कच्ची पत्रिका दाखवली होती. शेवटी ‘फिगारो’तले काही भाग होते, कंसात ‘वेळ उरल्यास’. समोर फक्त मोझार्टचं नाव होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि खाली लिहिलं, ‘रूपांतर : योहान वेंट’. त्याने ते छापलं की नाही, हे मला कळलेलं नाही. मी मात्र त्यानंतर एक नियम केला. मुखपृष्ठावर नाव नसेल, तर करारावर सही नाही. आजवर दोन पुस्तकं त्यापायी हातची गेली.