होल्डन खोटं का बोलतो?

जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीतला होल्डन सोळा वर्षांचा. आपण खोटारडे आहोत हे तो स्वतःच कबूल करतो. रेल्वेत त्याला वर्गमित्राची आई भेटते. तो तिला खोटं नाव सांगतो, न आवडणाऱ्या तिच्या मुलाची तोंडभर स्तुती करतो. सुट्टीआधीच घरी का निघालास, असं तिने विचारल्यावर म्हणतो, माझ्या मेंदूत गाठ आहे. खरं तर त्याला शाळेतून काढलेलं असतं.

लोक त्याला लबाड म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या रात्री होल्डनने मुठीने गॅरेजच्या काचा फोडल्या. ते दुःख बोलायला त्याला कुणी मिळालंच नाही. म्हणून मला त्याचं आजारपणाचं खोटंही दुःखाच्या जवळचंच वाटतं.

पुढे धाकटी बहीण फीबी विचारते, तुला आवडतं तरी काय? तेव्हा मात्र तो खरं सांगतो: ॲली.

‘खरं बोल’ असं आपण मुलांना रोज बजावतो. ते खरं न रागावता ऐकून घेणारं माणूस घरात आहे का, हेही पाहायला हवं.