लॅपटॉपची वाढीव रॅम व वाढीव साठवण : घ्यावी कीं न घ्यावी ?

परीक्षांचे निकाल लागले कीं, शाळेच्या पायऱ्यांवर पेढ्यांच्या पुड्यांबरोबर अलीकडे आणखी एक वस्तु येऊं लागली आहे. ती म्हणजे संगणकाच्या दुकानांतून आणलेला कोटेशनचा कागद. आमचा एक माजी विद्यार्थी बारावी उत्तीर्ण होऊन संगणकशास्त्राच्या पदवीवर्गांत दाखल झाला, तेव्हां त्याचे वडील असाच कागद घेऊन आमच्याकडे आले. कागदावर तीन ओळी होत्या. ८ जीबी रॅम व ५१२ जीबी साठवण असलेल्या लॅपटॉपची किंमत ४५,००० रुपये होती. रॅम १६ जीबी केल्यास ६,००० रुपये अधिक, आणि साठवण दुप्पट केल्यास ५,००० रुपये अधिक, असें पुढील दोन ओळींत लिहिलें होतें. "सर, हे अकरा हजार घालूं का? मुलगा म्हणतो, घातलेच पाहिजेत," असें त्यांनीं विचारलें, आणि किंचित् थांबून ते म्हणाले, "धाकटीची वर्षाची फी एवढीच आहे."

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांपुढें तो आज ना उद्यां उभा राहणार आहे. यास्तव त्याचा थोडा सविस्तर विचार करावा, असें आम्हांस वाटतें. आमचें मत आरंभींच सांगून टाकितों. आज जें घेतलें नाहीं तर उद्यां कोणत्याही उपायानें घालतां येणार नाहीं, आणि ज्याची गरज आपल्या कामावरून दिसून आली आहे, त्याचेच पैसे आज द्यावे. जें पुढें घालतां येईल तें पुढेंच घालावें. बाकीचा सर्व मोह समजावा.

प्रथम या दोन वस्तूंतील भेद नीट समजला पाहिजे. कारण दोहोंचें माप जीबी या एकाच परिमाणांत होत असल्यामुळें, त्या एकाच प्रकारच्या आहेत असा समज होतो. साठवण म्हणजे वर्गांतील पुस्तकांचें कपाट, आणि रॅम म्हणजे विद्यार्थ्याचा बाक. कपाटांत पुस्तकें कितीही दिवस राहतात. परंतु वाचावयाचें तें बाकावरच काढून ठेवावें लागतें. शाळा सुटली कीं बाक रिकामा होतो, तसाच संगणक बंद केला कीं रॅम कोरी होते. हें असें कां होतें, तेंही जाणण्यासारखें आहे. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत एकेक अंक म्हणजे एका सूक्ष्म कोठडींत साठविलेला विजेचा भार असतो. हा भार क्षणाक्षणाला गळत असतो, म्हणून एका सेकंदांत अनेक वेळां तो पुन्हां भरावा लागतो. वीज गेली कीं भरणें थांबतें व सर्व पुसलें जातें. याच्या उलट, एसएसडी नांवाच्या आजच्या साठवणींत विजेचा भार विद्युत्-रोधक आवरणांत कोंडलेला असतो, आणि यंत्र बंद असतांही तो दीर्घ काळ टिकतो. ही फ्लॅश पद्धति जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढिली.

आतां बाक लहान पडला तर काय होतें? नवें पुस्तक उघडण्याआधीं जुनें कपाटांत ठेवून यावें लागतें, व तें पुन्हां हवें झालें कीं पुन्हां उठावें लागतें. संगणकही हेंच करितो. रॅम भरली कीं तो कांहीं मजकूर साठवणींत नेऊन ठेवितो व लागेल तसा परत आणितो. या येरझारांस लागणाऱ्या वेळाची कल्पना एका उदाहरणानें येईल. रॅममधून एक गोष्ट काढण्यास एक सेकंद लागतो असें मानिलें, तर त्याच प्रमाणांत एसएसडीमधून ती आणण्यास सुमारें सतरा मिनिटें लागतील, आणि जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून आणण्यास एक दिवसाहून अधिक वेळ लागेल. रॅम अपुरी असलेला लॅपटॉप "अडकतो" तो याच कारणानें. परंतु याचा दुसरा अर्थही ध्यानांत घ्यावा. ज्याची तीनच पुस्तकें एका वेळीं उघडीं असतात, त्याला दहा पुस्तकांचा बाक दिला म्हणून त्याचें वाचन जलद होत नाहीं. कामास पुरेल इतकी रॅम झाली, कीं त्यापुढील रॅम रिकामीच राहते.

साठवणीची गोष्ट याहून वेगळी आहे. कपाट मोठें केल्यानें अभ्यास वेगानें होत नाहीं; फक्त अधिक पुस्तकें मावतात. तेव्हां आपल्याजवळ पुस्तकें आहेत किती, हें आधीं मोजावें. देवनागरींत टंकलिखित केलेलीं शंभर पानें एका एमबीमध्येंही सहज मावतात. तीन एमबीचें एक, याप्रमाणें वीस हजार छायाचित्रें म्हटलीं तरी ती ६० जीबी जागा होते. येथें एका अंकगणिताकडे विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. ५१२ जीबी म्हणून घेतलेली साठवण विंडोजमध्यें सुमारें ४७६ दिसते, आणि आपण फसलों असें मुलांस वाटतें. वास्तविक विकणारा दहाच्या पटींत मोजतो व संगणक दोनच्या पटींत मोजतो, एवढाच हा भेद आहे. त्या ४७६ मधून यंत्राची स्वतःची व्यवस्था व नेहमींचे प्रोग्रॅम वजा केले, तरी साध्या विद्यार्थ्यास चार वर्षें पुरेल इतकी जागा उरते. जो चलच्चित्रांचें संपादन शिकत आहे, त्याची गोष्ट निराळी. एकेका खेळास शंभर जीबी जागा लागते म्हणून मोठी साठवण मागणाऱ्या मुलास मात्र पालकांनीं आणखी एक प्रश्न विचारावा. तो कोणता, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.

शिवाय कपाट पुढें वाढवितां येतें. बहुतेक विंडोज लॅपटॉपांत एसएसडी ही स्क्रूनें बसविलेली सुटी पट्टी असते व ती बदलतां येते. तें न जमलें तरी बाहेरून जोडावयाची डिस्क कोणत्याही यंत्रास चालते. आणि बाहेरची डिस्क घेण्यांत एक मोठा लाभ आहे. लॅपटॉप चोरीस गेला, पडला किंवा पावसांत भिजला, तर आंतील १,००० जीबी त्याच्याबरोबरच जातात. बाहेरच्या डिस्कवरील दुसरी प्रत मात्र घरीं राहते. प्रकल्पाची वही हरवल्यावर रडणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. मोठी साठवण म्हणजे सुरक्षितता नव्हे; दुसरी प्रत म्हणजे सुरक्षितता.

रॅमच्या बाबतींत मात्र ही सोय दिवसेंदिवस नाहींशी होत चालली आहे. पूर्वीं बहुतेक लॅपटॉपांच्या तळाचें झांकण काढून रॅमची दुसरी पट्टी खांचेंत बसवितां येत असे. आतां पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डावर डाखानें कायमची पक्की केलेली असते. यांत केवळ कंपन्यांचा लोभ आहे असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितकी वीज कमी लागते व वेग वाढतो. यंत्रही पातळ होतें. परंतु परिणाम असा होतो कीं, विकत घेतांना जो निर्णय झाला तोच अखेरचा ठरतो. ॲपल कंपनीच्या मॅकबुक एअरचें उदाहरण घ्यावें. २०२० सालच्या अखेरीपासून त्यांतील रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनांत असते. मूळ यंत्र ८ जीबीचें असे, आणि १६ जीबी हवी असल्यास अमेरिकेंत २०० डॉलर व आपल्याकडे सुमारें २०,००० रुपये अधिक द्यावे लागत. ऑक्टोबर २०२४ मध्यें त्याच कंपनीनें मूळ किंमत न वाढवितां १६ जीबी हेंच आरंभींचें माप केलें. कालची चैन आज साधारण गोष्ट झाली. पण ज्यांनीं ८ जीबीचें यंत्र आधीं घेतलें, त्यांस तें आतां कांहीं केल्या बदलतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "मग जेवढें मोठें मिळेल तेवढें एकदांच घ्यावें, म्हणजे दहा वर्षें पाहावें लागणार नाहीं." हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा दिसतो, परंतु लॅपटॉपचें आयुष्य एकट्या रॅमवर अवलंबून नसतें. बॅटरी थकते, बिजागरी सैल होते, पडदा फुटतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल बंद केली, तेव्हां भरपूर रॅम असलेलीं कित्येक चांगलीं यंत्रें केवळ प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ च्या नियमांत बसलीं नाहींत. त्यांतील वाढीव रॅमनें त्यांचें आयुष्य वाढविलें नाहीं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असें होऊं देऊं नये.

दुसरा कोणी याच्या उलट म्हणेल, "आज कमींत कमी घ्यावें, पुढें भाव उतरतील तेव्हां वाढवूं." रॅम खांचेंतील असेल तर हा मार्ग पुष्कळदां बरोबर आहे, तथापि भाव नेहमीं उतरतातच असें नाहीं. २०२५ सालच्या उत्तरार्धांत, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणककेंद्रांची मागणी वाढल्यामुळें, रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. तसेंच "चालण्यापुरतें" व "कामापुरतें" या दोहोंत अंतर आहे, हेंही विसरूं नये. विंडोज ११ साठीं कागदोपत्रीं ४ जीबी रॅम पुरते. पण तेवढ्यावर काम करूं पाहणाऱ्याची सहनशक्ति मोठी असली पाहिजे.

मग गरज ओळखावी कशी? दुकानदाराच्या किंवा वर्गमित्राच्या तोंडाकडे पाहून नव्हे, तर मोजून. शाळेंतील किंवा नातलगाच्या विंडोज संगणकावर आपलें नेहमींचें सर्व काम एकदम उघडावें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबिल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत मेमरीच्या पानावर किती रॅम वापरली जात आहे तें दिसतें. ८ जीबीच्या यंत्रावर हा आंकडा सहाच्या आंत राहत असेल, तर ८ जीबी आज पुरेशी आहे. तो सतत सातच्या वर असेल, तर बाक लहान पडूं लागला असें समजावें. त्यानंतर दुकानांत दोनच प्रश्न विचारावे : "रॅमसाठीं रिकामी खांच आहे काय?" आणि "एसएसडी बदलतां येते काय?" उत्तर कंपनीच्या छापील माहितीशीं ताडून पाहावें. खांच असेल, तर वाढ आज न घेतां गरज भासेल तेव्हां घ्यावी. खांच नसेल व यंत्र चार वर्षें वापरावयाचें असेल, तर १६ जीबी घेणें आम्हांस योग्य वाटतें. ३२ जीबी ही अगदीं विशिष्ट कामें करणाऱ्यांचीच गरज आहे. साठवण ५१२ जीबी असतां तिच्यापुढें जाण्याचें कारण विद्यार्थ्यास क्वचितच पडतें.

आणखी एक गोष्ट पालकांस सुचवावीशी वाटते. घरांत जुना लॅपटॉप असेल व त्यांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर नवें यंत्र घेण्यापूर्वीं त्यांत एक साधी एसएसडी बसवून पाहावी. वर सांगितलेलें सतरा मिनिटांचें व एक दिवसाचें अंतर येथें प्रत्यक्ष अनुभवास येतें. आमच्या संगणकवर्गांतील कांहीं जुनीं यंत्रें याच उपायानें पुन्हां कामास लागलीं आहेत.

ते गृहस्थ व त्यांचे चिरंजीव यांस आम्हीं हेंच सांगितलें. त्या लॅपटॉपांतील रॅम पक्की बसविलेली होती, खांच नव्हती. मुलाचा अभ्यासक्रमही प्रोग्रॅम लिहिण्याचाच होता. म्हणून रॅमचे ६,००० रुपये घालावे, असें आम्हीं म्हटलें. एसएसडी सुटी होती, म्हणून साठवणीचे ५,००० रुपये वांचवावे, असेंही म्हटलें. मुलगा थोडा हिरमुसला. मग त्यानें स्वतःच्या मोबाइलमधील व घरच्या संगणकांतील सर्व सामग्रीची बेरीज केली. ती ९० जीबीदेखील झाली नाहीं. तो हंसला व वडिलांस म्हणाला, "बाबा, ते पांच हजार धाकटीच्या फीला ठेवा." उरलेली फी कशी भरली हें आम्हीं विचारलें नाहीं, पण त्या दिवशीं त्या मुलानें जी बेरीज केली, ती आम्हीं त्यास शिकविलेल्या सर्व गणितांहून अधिक मोलाची होती, असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीं आईवडील जें यंत्र आणतील, त्याचा एकेक जीबी त्यांच्या कष्टाचा आहे. मागण्यापूर्वीं मोजा. मोजून जें खरोखर लागेल तें निःसंकोच मागा. आणि जें मिळेल त्याचा पुरेपूर उपयोग करा.