चार कोटी अंकांचं काय लोणचं घालायचं?

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उत्तर ४,१०,२४,३२० अंकी येतं आणि ती मूळ संख्या आहे: १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटने ती शोधली.

अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘उपयोग काय?’ आणि उत्तरही ठरलेलं: ‘यामुळेच तर तुमचं बँकेचं ॲप सुरक्षित राहतं!’

कोड लिहून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, ही थाप आहे.

आरएसए पद्धतीचं २०४८ बिटचं कुलूप दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनतं. त्या प्रत्येकी साधारण ३०९ अंकी असतात, आणि तुमचा फोन त्या स्वतः शोधू शकतो. मुख्य म्हणजे त्या गुप्त राहाव्या लागतात. जगजाहीर संख्या तिथे वापरणं म्हणजे कुलूप लावून किल्ली चौकात टांगणं. व्हॉट्सॲपची तऱ्हा वेगळी. तिथली मूळ संख्या उघडच असते, २ चा २५५ वा घात वजा १९. गुपित दुसऱ्याच आकड्यात असतं. पण तीही जेमतेम ७७ अंकी. चार कोटी अंक घेऊन बसलात तर ‘गुड मॉर्निंग’ पोचेपर्यंत सकाळ उलटून जाईल.

या शोधाच्या सॉफ्टवेअरमुळे २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघड झाला, हे खरं. पण ते वरचं तूप झालं, पोळी नव्हे.

पोळी ही आहे. १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ संख्या असल्याचं ठोकून दिलं. १८७६ मध्ये ल्यूकाने एकही भाजक न शोधता ते खोटं ठरवलं! भाजक सापडले १९०३ मध्ये, फ्रँक कोलला: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

भाजक न शोधता कसं कळतं? ३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. १४, मग ८, मग ०. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आलं, म्हणून ३१ मूळ संख्या. ल्यूकाची ही युक्ती पुढे लेहमरने घासूनपुसून दिली. नव्या संख्येलाही हीच कसोटी लावली, फक्त पायऱ्या १३,६२,७९,८३९. तुमच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर ३१ साठी चालणारी गोष्ट चार कोटी अंकांनाही लागू पडते, आणि तिथे कुणाचं मत विचारावं लागत नाही.

हे सोडून बँकेची थाप का मारायची? कारण प्रत्येक गोष्टीला ‘पॅकेज किती?’ विचारायची सवय आपल्याला लागलीये. ती थाप ऐकून गणिताकडे वळलेल्या पोराला एक दिवस खरं कळेल, आणि त्याचा थापेवरचाच नाही, गणितावरचाही विश्वास उडेल. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांच्या ६१७४ ने आजवर कुणाची तिजोरी राखलेली नाही. म्हणून काय ती संख्या फुकट गेली?

पुढच्या वेळी कुणी ‘उपयोग काय?’ विचारलं, तर सरळ सांगा: काही नाही. आणि मग ३१ करून दाखवा.