सावकारी कायद्याचा खर्च कोणाच्या खिशातून?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला आणि १९४६ चा जुना मुंबई सावकारी कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात विनापरवाना सावकारी करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सावकाराने बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. व्याजाचे दरही ठरले: शेतकऱ्यास तारणावर सालीना ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांस १५ आणि १८ टक्के.

एवढे असूनही डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सावकारांच्या तगाद्यापायी परदेशात जाऊन मूत्रपिंड विकल्याची तक्रार केली. कायदा कडक आहे, मग असे का घडावे?

व्यापाऱ्याने याचा हिशेब मांडून पाहावा. परवानाधारक सावकाराने ५,००० रुपये ४ महिन्यांसाठी विनातारण दिले, तर १२ टक्क्यांनी व्याज होते २०० रुपये. त्यात परवाना, वह्या, तपासणी, येणे-जाणे आणि बुडीत रक्कम भागवायची. साहजिकच तो शहरात बसून सोन्यावर कर्ज देतो. एटापल्ली किंवा भामरागडच्या ज्या माणसाकडे सोने नाही, तो विनापरवाना सावकाराच्या दारात जातो. हा सावकार तुरुंगाची भीतीसुद्धा व्याजात मिळवतो. म्हणजे नियमाचा खर्च अखेर गरजूच भरतो.

२०१५ साली शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज माफ केले, पण फक्त परवानाधारक सावकारांचे. ज्याच्या मानेवर खरा फास होता, त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

याचा अर्थ कायदाच नको, असा कोणी काढू नये. मात्र नुसत्या बंदीने काय होते, तेही आपल्या शेजारी दिसले आहे. सिरोंच्याच्या पलीकडचा काठ आज तेलंगणात आहे, तेव्हा आंध्र प्रदेशात होता. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारने अध्यादेश काढून मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीवर कडक बंधने घातली. वसुलीचा जुलूम आवरला, पण नवे कर्जही आटले. रिझर्व्ह बँकेने पुढे वेगळी वाट धरली. एप्रिल २०२२ पासून मायक्रोफायनान्सवरील व्याजाची ठरीव मर्यादा काढली, दर अवाजवी नसावा असे बजावले आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, अशी अट घातली. अट चांगली आहे. पण तेंदूपत्त्याच्या हंगामात कमावणाऱ्या आणि पावसाळ्यात रिकाम्या हाताने बसणाऱ्या घराचे मासिक उत्पन्न कोणत्या महिन्यावरून मोजणार?

आम्हा कापडवाल्यांचा यात थेट संबंध आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा आला की पहिला हप्ता सावकाराचा जातो आणि कापडाची उधारी सर्वांत शेवटी राहते. दुसरे असे की, व्याजावर दिलेली रक्कम असो वा वस्तू, कायदा तिला कर्ज म्हणतो. तेव्हा व्यापारी बंधूंनी उधारीच्या खात्यावर व्याज चढविण्यापूर्वी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

इलाज फार महाग नाही. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून दूर. बसभाडे आणि बुडालेली मजुरी मोजली तर तिथे जाऊन तक्रार करणे गरिबाला परवडत नाही. म्हणून सहकार खात्याच्या अधिकाऱ्याने आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बसावे, तक्रार तिथेच लिहून घ्यावी आणि निकालाची मुदत सांगावी. लहान विनातारण कर्जावर परवानाधारकास व्याजाखेरीज थोडी ठरीव खर्च-फी घेण्याची मुभा द्यावी. बचत गट आणि सेवा सहकारी संस्था यांना पेरणीपूर्वी रक्कम मिळावी.

सरकार किती छापे घातले ते मोजते. गरजूला रीतसर कर्ज किती दिवसांत मिळाले, हेही मोजले पाहिजे. त्याच आकड्यावरून कायदा चालतो की नाही ते कळेल.