स्फुरदाच्या गोण्या ओढ्याला का सोडायच्या?



लग्नकार्याच्या निमित्ताने आम्ही पनवेलजवळच्या ओवे गावी जाऊन आलो. जिथे भातखाचरे होती तिथे आता खारघरच्या उंच इमारती. एवढ्या वस्तीच्या सांडपाण्याचा आम्ही सहज हिशोब मांडला. लिटरमागे 6 मिलिग्रॅम स्फुरद धरले, तर 1 कोटी लिटरमागे 60 किलो. म्हणजे सुपर फॉस्फेटच्या 17 गोण्या! सोसायटीचे कर्ज काढून आपण जे विकत घेतो, तेच पाण्यात गेले की शेवाळ नि जलपर्णी पोसते. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याने उजनीचे पाणी कसे हिरवे होते, ते सोलापूरकडच्या पाहुण्यांना विचारा.

नत्र हवेत उडून जाऊ शकते, स्फुरद उडत नाही. ते गाळातच पकडावे लागते. त्याचे मार्ग दोन. पहिला जीवाणूंचा. काही जीवाणू हवेविना ठेवले की पोटातले स्फुरद सोडून सांडपाण्यातले अन्न खातात. मग हवा दिली की सोडले त्याहून जास्त भरून घेतात. तेव्हा गाळ काढला की स्फुरदही निघाले. दुसरा मार्ग तुरटी, फेरिक क्लोराईड किंवा चुन्याचा. यात नवल काही नाही. आपण उसाच्या रसात चुना घालतो, तेव्हा रसातले स्फुरद असेच खाली बसते आणि प्रेसमडमध्ये येते. उगीच का प्रेसमडच्या ट्रॉलीसाठी आपली भांडणे होतात!

आमचे मत असे, की आधी जीवाणू आणि उरलेल्यापुरतेच रसायन. रसायनाला रोज पैसे लागतात, गाळ वाढतो, आणि लोह-तुरटीने बांधलेले स्फुरद पिकाला सावकाश मिळते.

पण शहराला नावे ठेवण्याआधी आपले अंगण झाडू. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात नत्र-स्फुरद कमी, म्हणून जीवाणूंसाठी युरिया आणि डीएपी टाकतात. सेंद्रिय भार 100 असेल तर नत्र 5 आणि स्फुरद 1 एवढे पुरे. तपासणी न करता अंदाजाने गोणी फोडली, की जादा माल ओढ्याला. तेव्हा पाणी रोज तपासावे आणि आकडे सभासदांपुढे ठेवावेत. वार्षिक सभेत हा खर्च आला तर ‘कशाला?’ म्हणू नका.

शेतातही तेच. माती न तपासता डीएपी टाकू नका. नमुने गट कार्यालयात आणून द्या, आम्ही वाट पाहतो.

— ऊस विकास अधिकारी