अतिनील सूर्य : छायाचित्रांपुढचा प्रश्न

इस्रोच्या 'आदित्य-एल१' यानावरील 'सूट' दुर्बिणीने टिपलेली पूर्ण सूर्यबिंबाची छायाचित्रे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने साकारलेली असल्याने त्यांचे कौतुक होणे स्वाभाविक होते. पुढे २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर झालेला एक्स-६.३ श्रेणीचा प्रचंड उद्रेकही तिने टिपला. मात्र, सुंदर छायाचित्र मिळणे वेगळे आणि वर्षानुवर्षे विश्वासार्ह मोजमाप करीत राहणे वेगळे.

'सूट' २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पाहते. त्यांतील सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे किरण ओझोनचा थर जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. त्यामुळे ते मोजायचे तर अंतराळातच जावे लागते. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात त्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. परंतु २०० नॅनोमीटरच्या आसपास हाच बदल काही टक्क्यांवर जातो. ओझोनची निर्मिती व वरच्या वातावरणाचे तापमान त्यावर अवलंबून असल्याने हवामानशास्त्रज्ञांना हा आकडा अचूक हवा असतो.

अडचण अशी, की हे किरण मोजणाऱ्या उपकरणालाच बाधतात. यानातील रंग, गोंद, तारांची वेष्टणे यांतून निघणारी सूक्ष्म वाफ आरशावर बसते आणि अतिनील किरणांनी तेथेच घट्ट होते. उपकरणाची नजर हळूहळू मंदावते. मग आकडा घसरला, तर सूर्य मंदावला की उपकरण? अमेरिकेच्या 'सोर्स' उपग्रहाच्या बाबतीत नेमके हेच घडले. २००४ ते २००७ या काळात अतिनील किरणे अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी घटल्याचे त्याच्या नोंदींतून दिसले. त्यावर २०१० मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला आणि हवामानाच्या गणितांची फेरमांडणी करण्याची चर्चा सुरू झाली. या घसरणीचा बराच भाग उपकरणाच्या झिजेचा होता, असा निष्कर्ष नंतरच्या विश्लेषणांतून निघाला.

'सूट'साठी हा धडा महत्त्वाचा आहे. ती मुख्यतः छायाचित्रे घेणारी दुर्बीण असली, तरी सूर्यबिंबाचा कोणता भाग किती अतिनील प्रकाश देतो, हे सांगण्याची तिची क्षमता मोलाची आहे. (एकूण बेरीज सांगणारी उपकरणे हे दाखवू शकत नाहीत.) सध्याचे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य कमाल टप्प्यात असल्याचे 'नासा'ने जाहीर केले. यान नियोजित कक्षेत पोहोचले ६ जानेवारी २०२४ रोजी आणि मोहिमेचा अपेक्षित कालावधी आहे पाच वर्षांचा. म्हणजे सूर्याची उतरण आणि दुर्बिणीची झीज एकाच काळात येणार. शिवाय चक्राचा तळ गाठण्याआधीच मुदत संपण्याची शक्यता आहे.

यावर जगभर मान्य असलेला उपाय म्हणजे जुने उपकरण चालू असतानाच नवे सोडणे व दोघांच्या नोंदी ताडून पाहणे. 'सोर्स' फेब्रुवारी २०२० मध्ये बंद करण्यात आला, त्याआधी सुमारे दोन वर्षे त्याचा वारसदार 'टीसिस-१' अंतराळ स्थानकावरून मोजमाप करीत होता. 'सूट'ला असा वारसदार द्यायचा, तर त्याचा निर्णय मोहीम संपल्यावर घेऊन चालणार नाही. अशी दुर्बीण बांधण्यातच काही वर्षे जातात.